तक्रार कशाला, नाव ठेवा!

ठाणेकरहो, तक्रारी करणं सोडा. ॲपवर खड्ड्याचा फोटो टाका, टोकन नंबर जपून ठेवा, आठवड्याने 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' हा मेसेज वाचा, आणि तो वाचता वाचता त्याच खड्ड्यातून ऑफिस गाठा. यात कुणाचं भलं झालंय? त्यापेक्षा वैतागाला छानसं नाव ठेवा. टेंडर काढावं लागत नाही, आणि काम मुदतीत पूर्ण होतं.

सगळ्यात टिकाऊ साचा नामधातूचा, म्हणजे नामाचंच क्रियापद करण्याचा. लाथेपासून लाथाडणं होतं, हातापासून हाताळणं होतं. मग ठाण्याच्या कापूरबावडी नाक्यानेच काय घोडं मारलंय? 'कापूरबावडणे', क्रियापद, अकर्मक: सिग्नल दोनदा हिरवा होऊनही बसने जागा न सोडणे. पण वापरण्याआधी लक्षणं तपासा. मेट्रोच्या कामाने अडलेला रस्ता हवा, उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेला एखादा कंटेनर आडवा हवा, बाजूच्या रस्त्यावरून घुसणारे हवेत, आणि उरलेल्या फटीत दुचाक्या. एवढं जमलं की खुशाल म्हणा, 'आज अर्धा तास कापूरबावडलो.' 'ट्रॅफिक होतं' हे कारण साहेबांकडे खपत नाही, क्रियापद खपतं. गायमुख घाटात ट्रक बंद पडून सगळंच थिजलं तर मात्र हा शब्द वापरू नका. ते 'गायमुखणे'. त्यात मागेही जाता येत नाही आणि घरी फोन करून 'तुम्ही जेवून घ्या' एवढंच सांगायचं उरतं. दोन्हींची सरमिसळ केलीत तर महिन्याभरात दोन्ही शब्द गुळगुळीत होतील.

अक्षरं सातच्या वर जाऊ देऊ नका. लोकलच्या दारात लटकून बोलायचं असतं. 'वाहतूककोंडीजन्य विषण्णता' ठाण्याला सुरू केलीत तर कळव्याला संपेल. संस्कृतशी वैर नाही. सावरकरांचा 'महापौर' टिकलाच की. पण त्या शब्दाच्या पाठीशी गाडी होती, खुर्ची होती. तुमच्या शब्दाला उभं राहूनच जावं लागणार.

किंवा टेकून. लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकणे याला 'चतुर्थाश्रम' म्हणा. प्रवेशाचा मंत्र 'जरा सरकता का' एवढाच. मग एक मांडी बाकावर, दुसरी अधांतरी, आणि मधल्या वाटेत पाय घट्ट रोवलेला. पाय सैल पडला की पुढच्या ब्रेकला आश्रम सुटतो. सर्वसंगपरित्याग अर्थातच करायचा, म्हणजे सॅक वर रॅकवर. मोबाइल धर्माला मान्य आहे. खिडकीवाला घाटकोपरला उठला तर लगेच आत सरकून गृहस्थाश्रमात परता, रेंगाळलात तर शेजारी उभा असलेला बरोबर गाठतो.

घरबसल्या वैतागासाठी 'ओटीपीडा' घ्या. ओटीपी येत नाही म्हणून तुम्ही 'पुन्हा पाठवा' दाबता, मग दोन्ही एकदम येतात, तुम्ही आधीचा टाकता आणि तो नव्यामुळे केव्हाच रद्द झालेला असतो. स्त्रीलिंगी शब्द आहे. ओटीपीडा होते, होतो नव्हे.

घोडबंदर पट्ट्यातल्या टॉवरवाल्यांनी 'टँक्रांत' हाताशी ठेवावी. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल, गेटात टँकर आणि महिनाअखेरीस मेंटेनन्सच्या बिलात त्या टँकरची वेगळी ओळ: अशी ही दर महिन्याला येणारी संक्रांत. तिळगूळ नाही, गोड बोलण्याची सक्ती मात्र आहे, कारण सेक्रेटरी ग्रुपवर असतो आणि पार्किंगचं वाटप त्याच्या हातात असतं. म्हणून एक पथ्य पाळा: नव्या शब्दात कुणाचंही आडनाव गुंफू नका, कितीही चपखल बसत असलं तरी.

शब्द तयार झाला की त्याची घोषणा करू नका. जुनाच असल्यासारखा बोलण्यात सोडून द्या. 'म्हणजे काय?' असं विचारणारा भेटला तर समजावू नका. समजावून द्यावा लागलेला शब्द सरकारी परिपत्रकात शोभतो. खरी परीक्षा स्टेशनबाहेर, रिक्षाच्या रांगेत. तुम्ही मानपाडा म्हणावं, रिक्षावाल्याने समोर बघतच मान हलवावी आणि म्हणावं, 'नाय साहेब, तिकडं सगळं कापूरबावडलंय.' शब्द पास झाला. पुढची रिक्षा बघा.