भाडं गोठलं तरी एमसीआय येऊ शकतो

झोहरान ममदानी यांनी भाडं गोठवण्याचं वचन देऊन 2025 ची न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक जिंकली, तेव्हापासून क्वीन्समधले आमचे रेंट स्टॅबिलाइज्ड (भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असलेल्या) घरांत राहणारे कितीतरी मराठी शेजारी निर्धास्त आहेत. मंडळी, एवढं निर्धास्त राहू नका. महापौर ज्याचे सदस्य नेमतात ते रेंट गाइडलाइन्स बोर्ड भाडेकरार नव्याने करतानाची वाढ ठरवतं. एमसीआय (मेजर कॅपिटल इम्प्रूव्हमेंट), म्हणजे इमारतीतल्या मोठ्या सुधारणेच्या खर्चापोटी होणारी भाडेवाढ, त्याच्या कक्षेतच येत नाही, तिला मंजुरी देतं राज्याचं डीएचसीआर हे गृहनिर्माण खातं. बोर्डाने शून्य टक्के जाहीर केले तरी ही वाढ तुमच्या भाड्यात चढू शकते.

एमसीआय लागतो तो अख्ख्या इमारतीसाठी केलेल्या मोठ्या कामावर. नवा बॉयलर, छप्पर, खिडक्या, लिफ्ट. डागडुजी आणि रंगरंगोटी त्यात बसत नाही.

समजा, 60 घरांच्या इमारतीवर 3 लाख डॉलरचं नवं छप्पर घातलं. 35 पेक्षा जास्त घरं असली की खर्च साडेबारा वर्षांवर, म्हणजे 150 महिन्यांवर विभागतात. महिन्याचे झाले 2,000 डॉलर. इमारतीत एकूण 200 खोल्या असतील तर खोलीमागे 10, तीन खोल्यांच्या घराला महिना 30 डॉलर. किरकोळ वाटतं ना? पण साडेबारा वर्षांत सगळा खर्च वसूल झाल्यावरही ही वाढ उतरत नाही. ती 30 वर्षं राहते! 3 लाखांच्या छपरापोटी 7 लाख 20 हजार, वर बोर्डाची टक्केवारी चढते ती वेगळीच.

2019 च्या आधी तर ही वाढ कायमची होती आणि वर्षाला भाड्याच्या 6 टक्क्यांपर्यंत लावता यायची. त्या वर्षीच्या कायद्याने ती 2 टक्क्यांवर आणली, हे भाडेकरूंच्या संघटनांचं मोठं यश आहे. घरमालकांची अडचणही मला मान्य आहे. जुन्या इमारतींचे बॉयलर कधीतरी बदलावेच लागतात आणि त्यातला माझा वाटा द्यायला मी तयार आहे. पण वाटा फिटला की वसुली थांबलीच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात अशा सुधारणांसाठी भाडं वाढवायचं तर 70 टक्के भाडेकरूंची संमती लागते. इथे कुणी विचारत नाही. काम उरकतं, मग नोटीस येते.

म्हणून डीएचसीआरची नोटीस जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून देऊ नका. त्यावर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. काम अर्धवट असेल, खिडकीतून वारा येत असेल, तर फोटो जोडा. इमारतीवर धोकादायक त्रुटींच्या नोंदी बाकी असतील तर तेही कळवा, कारण त्या दूर झाल्याशिवाय मंजुरी मिळता कामा नये. आणि घरात 62 किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी असेल, भाडेकरार त्यांच्या नावावर असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर स्क्री (SCRIE) या ज्येष्ठांसाठीच्या भाडेसवलत योजनेसाठी अर्ज करा. त्यात त्यांचं भाडं गोठतं आणि एमसीआयची वाढही त्यांच्या खिशातून जात नाही. अर्ज भरायला मदत हवी असेल तर मला मेसेज करा, मी येईन.