सीआयएसएस गुणिले व्होल्टेज केलं की गेटचा चार्ज निघत नाही

परवा रात्री भाच्याचा फोन, "मामा, चौथा मॉसफेट पण गेला." पोरगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला डीसी मोटरचा कंट्रोलर करतोय. मॉसफेट म्हणजे गेट नावाच्या पायाला व्होल्टेज देऊन चालू-बंद करायचा ट्रान्झिस्टर, ड्रेन म्हणजे त्याचा लोडकडचा पाय. म्हणलं गेट रेझिस्टर किती लावलास, तर १ किलोओहम. का तर ग्रुपवर आलेल्या मेसेजमध्ये हिशोब तसाच दिलाय. तो मेसेज मागवून घेतला, "ट्रान्झिस्टरची कपॅसिटन्स २ मिनिटात काढा", चार मुद्दे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मोटर ड्राइव्ह दुरुस्त करण्यात माझा दिवस जातो, त्यामुळं हे वाचून गप्प बसवेना.

सगळ्यात घातक मुद्दा आधी. "डेटाशीटमधली सीआयएसएस घ्या, गेट व्होल्टेजनं गुणा, झाला चार्ज." डेटाशीट म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद, आणि सीआयएसएस म्हणजे गेटकडून दिसणारी इनपुट कपॅसिटन्स. आयआरएफझेड४४एन ह्या मॉसफेटची सीआयएसएस १४७० पिकोफॅरड, १० व्होल्टनं गुणलं की साधारण १५ नॅनोकुलोम. आता त्याच डेटाशीटमध्ये टोटल गेट चार्ज बघा, कमाल ६३. चौपट! कारण ती १४७० ड्रेनला २५ व्होल्ट आणि गेटला शून्य असताना मोजलेली आहे, मॉसफेट चालू होताना ड्रेन खाली येतो तशी गेट-ड्रेन कपॅसिटन्स कितीतरी पटीनं वाढते आणि वर ड्रेनची सगळी उडी पण गेटलाच भरून काढावी लागते. १ किलोओहममधून सरासरी ५ मिलिअँप धरा, पोराला वाटलं ३ मायक्रोसेकंदात चालू होईल, लागतात साडेबारापर्यंत. पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग ठरवायला मॉसफेट भराभर चालू-बंद करणं) २० किलोहर्ट्झ, म्हणजे ५० मायक्रोसेकंदाची सायकल, आणि दर सायकलला चालू होताना आणि बंद होताना मॉसफेट अर्धवट अवस्थेत तापत बसतो. मग जळणारच की.

सिम्युलेशनमध्ये हे बघायला खरंच २ मिनिटं लागतात. गेटला १ मिलिअँपचा करंट सोर्स लावा, ड्रेनला लोड, आणि गेटचं व्होल्टेज बघा, १ मायक्रोसेकंद म्हणजे १ नॅनोकुलोम. मधे जो सपाट भाग येतो तिथं ड्रेन खाली येत असतो, तिथंच सगळा खेळ आहे. नुसती कपॅसिटन्स हवी असेल तर गेटला डीसी बायससोबत १ व्होल्ट एसी द्या, फ्रिक्वेन्सी १५९.१५५ किलोहर्ट्झ, म्हणजे ओमेगा (२ पाय गुणिले फ्रिक्वेन्सी) बरोब्बर दहा लाख, आणि करंटचा इमॅजिनरी भाग वाचा. १ मायक्रोअँपला १ पिकोफॅरड, कॅल्क्युलेटर लागत नाही. ड्रेन मात्र डीसी सोर्सला बांधलेला पाहिजे, मोकळा सोडला की आकडा चुकला.

पुढचा मुद्दा, "सिम्युलेशनच्या मॉडेलमधला सीजेसी म्हणजेच कलेक्टर-बेस कपॅसिटन्स." नाही, तो शून्य व्होल्टचा आकडा. २एन२२२२ ह्या साध्या ट्रान्झिस्टरच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये ७.३ पिको आहे, १० व्होल्ट रिव्हर्सला २.९ उरते.

तिसरा, "१ मेगाहर्ट्झच्या खाली कपॅसिटन्स विसरून जा." इनपुट-आउटपुटमधली कपॅसिटन्स गेनच्या (सिग्नल किती पट वाढतो त्याच्या) पटीत मोठी होऊन इनपुटला दिसते, हे मिलर नावाच्या इंजिनिअरनं १९२० सालीच व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळीवर) दाखवून ठेवलंय. तीच २.९ पिको, गेन १००, की इनपुटला जवळपास ३०० पिको दिसते, सोर्स १० किलोओहमचा असला तर ५४ किलोहर्ट्झलाच गेन पडायला लागतो.

राहिला "सिम्युलेशनवर भरवसा ठेवू नका". हे निम्मं खरं, मान्य करतो. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधली दोन-चार पिको सिम्युलेटरला कुठनं कळणार? आणि मॉडेलच चुकीचं असेल तर उत्तर पण चुकीचंच. पण म्हणून डेटाशीटमधला एक आकडा उचलून गुणाकार करायचा, ह्याला काय अर्थ आहे?

भाच्याला पाचवा मॉसफेट लावायच्या आधी गेट ड्रायव्हर आयसी (गेटला झटक्यात मोठा करंट देणारी चिप) आणि २२ ओहमचा गेट रेझिस्टर लावायला सांगितलंय, आणि सपाट भागाचा स्क्रीनशॉट आधी मला पाठव म्हणलंय.