रेडियस 6 आणि चेहऱ्याभोवतीची पांढरी कड : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुनी छायाचित्रे गिंप या चित्र-संपादनाच्या संगणक प्रणालीत ठळक करण्याच्या माझ्या पाठातील आकडे आपण जसेच्या तसे वापरले, तेव्हा आजोबांच्या चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटली आणि कोटावर चौकोनी ठिगळे दिसू लागली, असे आपण लिहिले आहे. पाठ स्वतः करून न पाहता कुठून तरी उतरवला असावा, असाही आपला आरोप आहे. पहिली तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. दुसरी मान्य नाही, मात्र खरी गोष्टही फारशी भूषणावह नाही : पाठ मी करून पाहिला होता, पण एकाच छायाचित्रावर.

ते छायाचित्र 6 बाय 4 इंचांचे आणि 600 डीपीआयने (दर इंचाला 600 पिक्सेल) स्कॅन केलेले, म्हणजे 3600 बाय 2400 पिक्सेलचे होते. 'अनशार्प मास्क' हे फिल्टर आधी चित्राची धूसर प्रत तयार करते, मूळ चित्र आणि ही प्रत यांतला फरक काढते आणि तो मूळ चित्रात मिसळते. (डार्करूममध्ये निगेटिव्हवर तिचीच धूसर पॉझिटिव्ह ठेवून हे काम करत, साधनाचे उफराटे नाव तिथूनच आले.) ही धूसरता किती पिक्सेल पसरवायची, ते रेडियस ठरवतो, आणि पाठात तो 6 दिला होता. माझ्या स्कॅनमध्ये 6 पिक्सेल म्हणजे कागदावरचा जेमतेम पाव मिलिमीटर होता. आपले चित्र तेवढ्याच आकाराच्या छायाचित्राचे, पण 1200 पिक्सेल रुंदीचे असल्याने त्यात तेच 6 पिक्सेल पाऊण मिलिमीटर व्यापतात, आणि समूहचित्रातल्या इवल्याशा चेहऱ्याला तेवढी कड सोसत नाही. आपण रेडियस 2 ठेवून पाहावा.

चौकोनांचे कारण वेगळे आहे. चित्र आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून, म्हणजे जेपेग पद्धतीने दाबले जाऊन आले. ही पद्धत चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबते आणि त्यांच्या शिवणींनाही फिल्टर कडा समजून उठाव देते. थ्रेशोल्ड, म्हणजे किती फरकापासून पुढे उठाव द्यायचा ती मर्यादा, वाढवल्यास त्या थोड्या झाकल्या जातील, पण पुसल्या जाणार नाहीत. त्यापेक्षा नातेवाइकांना मूळ स्कॅन 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे.

मेनूतली नावे मराठीत का नाहीत, असेही आपण विचारले आहे. आपल्या पडद्यावर जे नाव दिसते तेच मी देवनागरीत लिहितो, कारण मी घडवलेला प्रतिशब्द शोधण्यात आपला वेळ गेला असता.

पाठात आता प्रत्येक आकड्याशेजारी चित्राची रुंदी लिहिली आहे. शिवाय, आपण गिंपची 2.10 ही आवृत्ती वापरता आणि तिच्यात फिल्टर थेट चित्राच्या थरावरच (लेयरवर) कायम होते, तेव्हा आधी थराची प्रत काढून घ्यावी, 3.0 मध्ये फिल्टर नंतरही काढता येते, त्या सवयीमुळे ही पायरी माझ्याकडून लिहायची राहिली होती.