मारणारा घरात, मार खाणारी दारात

"बायकोने एक अर्ज केला की नवरा थेट आत. असा एकतर्फी कायदा जगात फक्त भारतात. परदेशात नवरा-बायकोच्या भांडणात पोलीस मध्ये पडत नाहीत." महिन्याभरात हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला, एकदा तर मावसभावाकडूनच. अशा अर्जांसाठी मी बायकांबरोबर कोर्टात जाते, म्हणून गप्प बसवत नाही.

'थेट आत'? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे जातो. त्यात मागायचं ते संरक्षण, राहायला छप्पर, खर्चाला पैसे. कोर्टाचा संरक्षण आदेश नवऱ्याने मोडला, तर तुरुंगाची गोष्ट: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोकांच्या डोक्यात असतं ते बायकोच्या छळाबद्दलचं जुनं ४९८अ, आताच्या न्याय संहितेतलं ८५ कलम. तो फौजदारी गुन्हा खरा; पण त्यातही सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्येच अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय.

'फक्त भारतात' हेही खोटं. स्पेनने २००४मध्ये खास बायकांवरच्या अत्याचारासाठी कायदा केला, नवऱ्याला जास्त शिक्षा ठेवली आणि तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती २००८मध्ये उचलून धरली. इंग्लंडचा कायदा पुरुषालाही संरक्षण देतो. आपल्याकडेही मार खाणाऱ्या नवऱ्याला दाद मिळावी, ही मागणी मला रास्त वाटते. तिच्यासाठी खोटं पसरवायची गरज नाही.

आणि परदेशातले पोलीस? ऑस्ट्रियात १९९७पासून ते मारणाऱ्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढतात, घर त्याच्या नावावर असलं तरी. दोन आठवडे त्याला उंबऱ्यात पाय टाकता येत नाही. तिने कोर्टात अर्ज केला की मुदत चार आठवड्यांपर्यंत जाते. अमेरिकेत ओरेगॉनने १९७७मध्येच मारणाऱ्याची अटक पोलिसांच्या मर्जीवर ठेवली नाही, बंधनकारक केली. इंग्लंडमध्ये हात न उगारताही, पैशांवर, फोनवर, माहेरी बोलण्यावर सतत पहारा ठेवून बायकोला धाकात ठेवलं, तर २०१५पासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नवऱ्याला घर सोडायला लावायची तरतूद आपल्या २००५च्या कायद्याच्या १९व्या कलमातही आहे, पण तो आदेश कोर्टाने द्यायचा. पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न, असं कायदा सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक बाई मुलाचं दप्तर आणि रेशनकार्ड पिशवीत कोंबून रात्री शेजारणीकडे गेली. आठ महिन्यांनी तारखेला भेटली, तेव्हा तीच पिशवी मांडीवर होती. नवरा घरीच राहत होता.