गहू आधी सोडायचा की रक्त आधी तपासायचं?

जळगावात टपरीजवळच्या कट्ट्यावर वाद पेटला तो दाळ-बट्टीवरून.

“ग्लुटेन, म्हणे गव्हातलं प्रथिन! शहरी फॅड, भो. पोट बिघडलं तर गहू सोडा, विषय संपला,” नाना म्हणाले.

लॅबवाल्यानं कप खाली ठेवला. “सगळे एकाच पोत्यात भरू नका, नाना. सिलिअ‍ॅक आजारात शरीराची प्रतिकारशक्ती ग्लुटेनच्या निमित्तानं स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्न तिथूनच रक्तात जातं. ती लव झडून सपाट होते. मग लोह, फोलेट, कॅल्शियम अंगी लागत नाही. जुलाब सगळ्यांना होतातच असं नाही. कुणाचं हिमोग्लोबिन गोळ्या खाऊनही चढत नाही, कुठं पोराची उंची अडते.”

“आणि गव्हानं अंगावर गांधी उठतात ते?”

“ती अ‍ॅलर्जी, दुखणंच वेगळं. तिसरा प्रकार नुसत्या संवेदनशीलतेचा. आतडं शाबूत, रिपोर्ट स्वच्छ, तरी पोट फुगतं, डोकं जड. त्यातल्या काहींना बाधतात ते गव्हातले फ्रुक्टान, एक प्रकारचे कर्बोदक. कांदा-लसणातही असतात.”

“म्हणजे शेवभाजीनं पोट फुगलं नि दोष पोळीवर!” आबा हसले.

“म्हणून आधी टीटीजी-आयजीए, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी. सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या जातीची सगळी प्रतिपिंडं. आयजीएच कमी असलं तर पहिली तपासणी खोटं नॉर्मल दाखवते. आणि तपासणीआधी किमान 6 आठवडे रोज एकाहून जास्त जेवणात गहू हवा. आधीच सोडला तर रिपोर्ट फसतो. खात्रीला बहुतेक वेळा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढतात.”

“सापडलं तरी काय, कळण्याची भाकरी आहेच,” नाना.

“ज्वारी-उडदात ग्लुटेन नाही, खरं. पण दळता कुठं?”

गिरणीवाला सावरून बसला. “गव्हामागून ज्वारी टाकतोच की आम्ही.”

“तिथंच घोळ. ग्लुटेनमुक्तची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम. गव्हाच्या पिठात किलोला साधारण 80 ग्रॅम ग्लुटेन. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचं पाव ग्रॅम पीठ मिसळलं की मर्यादा भरली. जात्याच्या खाचांत याहून जास्त अडकलेलं असतं.”

“आधी किलोभर ज्वारी दळून फेकली तर?”

“कमी होईल, भरवसा नाही. हवेत उडतं ते वेगळंच. घरघंटी घ्यायची, तिच्यात गहू कधीच नाही. पोळपाट वेगळा. आणि फोडणीतला बांधानी हिंग बघा, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.”

“मांडेही गेले म्हणायचे,” नाना पुटपुटले.

“सिलिअ‍ॅक निघालं तर जन्मभर.”

“आणि माझं गिऱ्हाईकही,” गिरणीवाला म्हणाला.

“तेवढं एक जाऊ दे, भो.”