सीटखालच्या सबवूफरबद्दल तुमच्या एक स्टारला आमचं उत्तर

नमस्कार दादा. दुपारी दोनला गाडी देतो म्हटलं अन् दिवेलागणीला दिली, वहिनी अन् लेकरू तेवढा वेळ बाकड्यावर बसून राहिले, त्याबद्दल मनापासून सॉरी. आमच्याकडून गेलेलं गिऱ्हाईक नाराज राहावं असं आम्हाला कधीच वाटत नाही.

पण सबवूफरबद्दल (गाण्यातला जाड आवाज, म्हणजे बास वाजवणारा स्पीकर) तुम्ही लिहिलं की "दुकानदारानं जागा चुकीची निवडली, डिक्की सोडून सीटखाली डबा कोंबला, बास नावालाच, साडेअकरा हजार पाण्यात गेले". टाईमचं बोला, पैशाचं बोला, ऐकून घेतो. जागा मी निवडली हे मात्र नाही दादा, हे वाचून खूप लागलं, कारण त्या जागेवरच आपण सगळ्यात जास्त बोललो होतो, अन् आता इथं वाचणाऱ्या माणसाला वाटणार की हा नागपूरचा दुकानदार काहीही बसवून देते अन् मोकळा होते. वर्धा, भंडारा, उमरेडवरून लोकं रेटिंग पाहूनच येतात, अन् दसऱ्याला नवीन गाड्या निघतात तेव्हाच आमचा धंदा असते, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो, राग मानू नका.

तुमची गाडी सीएनजी हॅचबॅक. डिक्कीत सिलिंडर आधीच बसलेलं, उरली ती एका बॅगेपुरती जागा. बजेट तुम्ही सांगितलं 12 हजार, "फिटिंग धरून, वर एक रुपया नाही". वहिनी म्हणाल्या की गावाला जाताना बॅगा कुठं ठेवायच्या, डिक्कीला हात नका लावू, अन् तुम्ही मला म्हणाले "हिचं ऐका". मी तरी दोन्ही सांगितलं. डिक्कीत 12 इंची सबवूफरचा बॉक्स ठेवायचा तर नुसता बॉक्स नाही चालत, त्याला आवाजाला ताकद देणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागते, जाड पॉवर वायर लागते, कंपनीच्या स्टिरिओला आरसीए आऊट (बाहेर सिग्नल द्यायची खास सॉकेट) नसेल तर स्पीकरच्या वायरीवरून तसा सिग्नल बनवून देणारा कन्व्हर्टर लागते, हे सगळं मिळून तुमच्या बजेटच्या बाहेर जात होतं, अन् पुढं बॉक्स ठेवायला जागाही पाहिजे न. सीटखालच्या सबवूफरमध्ये अ‍ॅम्प आतच असते, स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेता येते, त्यामुळे कन्व्हर्टरही वाचते. 8900 चा सबवूफर, 1400 ची वायरिंग किट, 1200 मजुरी. बिलावर वेगवेगळं लिहून दिलं आहे, पाहून घ्या.

मग तुम्ही म्हणाले, सिलिंडरवर फळी टाकून तिच्यावर 12 इंची बॉक्स ठोकून द्या. तिथं मी नाही म्हटलं अन् आजही नाहीच म्हणणार, कितीही स्टार कापा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताशी मोकळा पाहिजे, गॅसचा वास आला तर बंद करायला बॉक्स हटवत बसणार का माणूस? दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबानं तपासायला) ते सिलिंडर बाहेर काढावं लागते, तेव्हा सगळं उखडणार. अन् हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालच्या अंगाला असते, गॅसची नळीही बुडाखालून पुढं जाते, तिकडं फ्लोअरला ड्रिल मारायचं म्हणजे आंधळेपणानं मारायचं. काही लोकं करून देतात, मला माहीत आहे. आमच्या दुकानात ते होत नाही.

आता बासचं. 80 हर्ट्झच्या (सेकंदाला 80 कंपनं) खालचा आवाज कुठून येऊन राहिला हे कानाला ओळखू येत नाही, म्हणून तर सबवूफर सीटखाली, डिक्कीत, स्पेअर टायरच्या खड्ड्यात कुठंही बसवतात अन् गाणं समोरच वाजल्यासारखं वाटते. 50 हर्ट्झची लाट साधारण सात मीटर लांब असते, अख्ख्या गाडीपेक्षा मोठी, ती सीटखालून निघाली काय अन् डिक्कीतून निघाली काय. म्हणून सीटखालची जागा चुकीची हे मी मान्य करू शकत नाही. उलट ड्रायव्हरच्या जवळ, पुढच्या दाराच्या स्पीकरच्या जवळ, त्यामुळे ठोका दाराच्या आवाजासोबत पडते, मागून उशिरा आल्यासारखा नाही वाटत.

हां, कमी पडते ते हवा हलवण्यात, अन् हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तुमच्या सबवूफरच्या 8 इंची कोनपेक्षा (हवा ढकलणारा स्पीकरचा पडदा) 12 इंचीचं क्षेत्रफळ सव्वादोन पट भरते. तुमच्या साळ्याच्या गाडीत 12 इंची पोर्टेड (हवा बाहेर पडायला भोक असलेला) बॉक्स आहे, वेगळा अ‍ॅम्प आहे, त्याच्यासोबत तुलना करून तुम्ही एक स्टार दिला. त्याच्या सेटअपला किती लागले ते एकदा त्यांनाच विचारा दादा. पितळेच्या भावात सोनं कोणी देत असेल तर मीही घेऊन टाकीन. आमच्या काऊंटरवर तुम्ही डेमो ऐकला, मी मुद्दाम ढोलकीचं गाणं लावलं कारण त्यात ठोका लपत नाही, तुम्ही म्हणाले "बस, एवढंच पाहिजे, घर हादरवायचं नाही आपल्याला". हे सगळं दुकानातल्या पोरांसमोर झालं.

टाईम का लागला तेही सांगतो, कारण "टाईम खोटा" हा शब्द टोचला. सबवूफर सीटखाली सरकवून दोन वायरी जोडल्या की झालं असं वाटते, पण तुमच्या सीटखाली पिवळं कनेक्टर होतं. पिवळं म्हणजे एअरबॅगचं. ते इग्निशन चालू असताना ओढलं तर डॅशबोर्डवर एअरबॅगची लाईट पेटते अन् मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागते. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, थोडा वेळ तसंच सोडलं, मग सीटचे चार बोल्ट खोलून सीट मागं झुकवली. वायर बॅटरीपासून आत आणायची तर फायरवॉलच्या (इंजिन अन् केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरातून, तिला बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच फ्यूज, कारण पुढं कुठं वायर घासली अन् बॉडीला लागली तर तो फ्यूजच गाडी वाचवते. पॉवरची वायर एका बाजूनं अन् स्पीकरची दुसऱ्या बाजूनं नेली, एकत्र नेली असती तर इंजिन रेस केल्यावर स्पीकरमधून कुईई आवाज आला असता. अर्थिंगसाठी कार्पेट उचलून पत्र्याचा पेंट खरवडला, आतला चकचकीत लोखंडी भाग दिसेपर्यंत, तिथं रिंग टर्मिनल कसलं अन् वरून गंज लागू नये म्हणून पुन्हा लेप मारला. यातलं काहीच गिऱ्हाइकाला दिसत नाही. घाईत सोडून दिलं असतं तर दोनला गाडी मिळाली असती, पण पुढच्या पावसाळ्यात तुम्हीच परत आले असते.

सबवूफरच्या बुडाला रबरी पाय लावून थोडा उंच ठेवला आहे. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी कार्पेटमध्ये मुरते, अन् आपल्या नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी गाडी आतून भट्टी होते, अ‍ॅम्पला चारही बाजूनं हवा पाहिजे. आता तुम्हीच रिव्ह्यूसोबत टाकलेला फोटो मोठा करून पाहा. सबवूफरच्या पुढं बुटांचा जोड, पाण्याच्या दोन बाटल्या अन् गाडी पुसायचा फडका ठासून भरलेला आहे. बास निघणार कुठून? अन् गिअरजवळ लावून दिलेला बासचा नॉब शेवटच्या टोकाला फिरवलेला दिसून राहिला. आम्ही तो अर्ध्याच्या थोडा वर सेट करून दिला होता, तुम्ही ड्रायव्हर सीटवर बसले असताना फेज स्विच (कोन आधी पुढं हलावा की मागं हे ठरवणारा) दोन्हीकडे करून ज्यात ठोका भरीव वाटला तिकडं ठेवला, क्रॉसओव्हर (किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरनं वाजवायचा ती मर्यादा) 80 वर. नॉब पूर्ण, वरून स्टिरिओचा बास बूस्ट पूर्ण केला की आवाज वाढत नाही, फाटते, अन् जास्त दिवस तसं चालवलं तर सबवूफरची कॉइल जळते. हे तुम्हाला दुखवायला सांगून नाही राहिलो, वस्तू तुमची आहे, तुमच्या घामाच्या पैशाची आहे, ती खराब होऊ नये म्हणून सांगून राहिलो.

दादा, दुकान भाड्याचं आहे, दोन पोरं कामाला आहेत, त्यांचीही घरं यावर चालतात. ऑनलाईन स्वस्तात माल घेऊन फक्त फिटिंगला येणारेही आम्ही परत पाठवत नाही. काम पसंत नाही पडलं तर दुकानात येऊन चार शब्द सुनवा, फोन करा, आम्ही पळून नाही चाललो. फोन न करता सरळ एक स्टार म्हणजे जिवाला लागते.

टाईमच्या बाबतीत आता आम्ही गिऱ्हाइकाला आधीच जरा जास्तीचा वेळ सांगत जाऊ, बसायच्या जागेचंही काही तरी चांगलं करू, पंखा तर लावतोच आहे. सीटखालच्या अन् डिक्कीतल्या सेटअपमधला फरकही लिहून लावायचा विचार आहे.

तुम्ही कोणत्याही दिवशी सकाळी अकराच्या आत या, तेव्हा गर्दी नसते. सीटखालचं सामान काढून आणा. ट्यूनिंग पुन्हा करून देतो, दाराच्या पत्र्याला अन् नंबर प्लेटच्या मागं डॅम्पिंग शीटचे (पत्र्याची थरथर दाबणारे) तुकडे लावून देतो, खडखड कमी झाली की तोच बास घट्ट वाटते, त्याचे पैसे घेणार नाही. उद्या डिक्की रिकामी असलेली गाडी घेतली तर हाच सबवूफर काढून ठेवू अन् बॉक्सचं पाहू. तोवर बाहेर कुठं वायर कापू नका, वॉरंटीचं स्टिकर तुटलं तर कंपनी क्लेम घेत नाही. सोमवारी दुकान बंद असते.