दहा लाख बघे आणि एक फ्लॅट

फ्लॅट विकायला एक फ्लॅट लागतो, एक पार्टी लागते आणि दोघांच्या मध्ये उभं राहायला मी लागतो, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. भांडवल म्हणाल तर एक डायरी, एक स्कूटर, रविवारच्या पेपरातली छोटी जाहिरात आणि प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनशी घरोबा. यातला वॉचमन सगळ्यात महत्त्वाचा. घर विकायचं हे मालकाच्या मनात येण्याआधी वॉचमनच्या कानावर आलेलं असतं.

मध्यंतरी पुनावळ्याला एका नव्या प्रकल्पाची सीपी मीट होती. सीपी मीट म्हणजे आम्हा एजंट लोकांना पनीर टिक्का खाऊ घालून इन्व्हेंटरी, म्हणजे विकायचे फ्लॅट, गळ्यात मारायचा कार्यक्रम. तिथल्या सोर्सिंग मॅनेजरने, जो माझ्या स्कूटरपेक्षा वयाने लहान असावा, माझं कार्ड उलटंसुलटं करून विचारलं, "सर, इन्स्टाला किती आहात?"

मी म्हटलं, "मी एकटाच आहे."

त्याने कार्ड परत दिलं. या धंद्यात कार्ड परत मिळतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तसं हे सगळं आलं तेव्हा मी जागेवरच होतो. २०२० च्या जूनअखेरीस सरकारने टिकटॉक बंद केलं आणि जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स सुरू केल्या. पण त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट दिली. लोक तोंडाला मास्क लावून, हाताला सॅनिटायझर चोळत स्वतःहून टोकन द्यायला येत होते. गिऱ्हाईक दारात उभं असताना कोण कशाला कॅमेऱ्यासमोर नाचेल? सूट संपली, मास्क गेले आणि गिऱ्हाईक मोबाइलमध्ये जाऊन बसलं ते बसलंच.

मग भाच्याला बोलावलं. तो इंजिनीअरिंगला आहे, म्हणजे त्याच्याकडे वेळ भरपूर असतो. त्याने माझ्या कॉलरला माइक अडकवला आणि म्हणाला, "मामा, पहिल्या तीन सेकंदांत हुक पाहिजे. नाहीतर लोक वर सरकवतात."

आता माझी पद्धत अशी की, पार्टी आली की आधी पाणी विचारायचं. मग गाव विचारायचं. गाव निघालं की पाहुणे निघतात, पाहुणे निघाले की बजेट निघतं. याला पाऊण तास आणि दोन चहा लागतात. हे तीन सेकंदांत कसं बसवायचं?

"तुम्ही फक्त म्हणा, 'पुण्यात फ्लॅट घेताय? थांबा!'"

"अरे, ते थांबले तर मी काय खाऊ?"

पण म्हटलं. धायरीतल्या एका जिन्यात उभं राहून, पोट आत घेऊन, 'थांबा' म्हटलं. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई कुरिअरवाला आला समजून दार उघडून थांबल्या.

रील काढताना रिकाम्या खोलीत हात फिरवत "इथे तुमचा सोफा, इथे टीव्ही युनिट, इथे डायनिंग" असं म्हणायचं असतं. खोली एकच असते, हात तीनदा फिरतो. शिवाय भाचा मोबाइलवर ०.५ की काय ती लेन्स लावतो. त्यात १० बाय ११ ची बेडरूम अशी दिसते की आपणच आत दोन खांब टाकावेत. नऱ्ह्याच्या एका टू बीएचकेची रील बघून चिंचवडहून एक जोडपं आलं. बरोबर सासूबाई. दारातून आत आले, दोन पावलं चालले आणि नवऱ्याने विचारलं, "हॉल कुठाय?"

"आपण हॉलमध्येच उभे आहोत."

"व्हिडिओत तर मंगल कार्यालयाएवढा दिसत होता!"

सासूबाई मात्र शांत होत्या. त्यांनी फ्रिजच्या कोनाड्यात वीत टाकली, ड्राय बाल्कनीत डोकावून नळाला पाणी येतं का बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "टँकरचा महिन्याचा खर्च सोसायटीला किती येतो?" खरं घर बघणारं माणूस हे असं असतं. त्यांच्याकडे इन्स्टाग्राम नव्हतं.

दुसरी भानगड धंद्यातल्या माणसालाच कळेल. रिसेलच्या फ्लॅटची रील काढायची तर सगळं दाखवायचं, पण बिल्डिंग कोणती ते कळू द्यायचं नाही. कळली की पार्टी थेट मालकाकडे जाते आणि माझे दोन टक्के हवेत जातात. म्हणून गेटवरची पाटी दाखवायची नाही, पार्किंगमधलं नावाचं बोर्ड दाखवायचं नाही, खिडकीबाहेरचं दुकान दाखवायचं नाही. मग उरतो तो पांढरा रंग आणि व्हिट्रिफाइड टाइल्स. एवढं जपूनही एकदा संध्याकाळच्या आत तीन एजंट मालकाकडे पोचले. विचारलं तर म्हणे, "लिफ्टच्या आरशात तुमचा वॉचमन दिसला की!" मी घरोबा केला तसा त्यांनीही केलेला होताच.

नव्या प्रकल्पांचं नेमकं उलट. तिथे काही लपवायची सोयच नाही. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक टाकावा लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो. नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. कोड स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं, ताबा कधी द्यायचाय, मंजुऱ्या कुठवर आल्यात, सगळं दिसतं. फक्त माझी अडचण एवढीच आहे की, रील माणूस मोबाइलवर बघतो. त्या मोबाइलवरचा कोड स्कॅन करायला दुसरा मोबाइल कुठून आणायचा? एका गृहस्थांनी बायकोचा मोबाइल घेऊन स्कॅन केला. प्रकल्पाचं पान उघडायच्या आधी तिच्या मोबाइलवर भिशीच्या ग्रुपचे मेसेज उघडले आणि त्यांनी ते वाचले. पुढे घराचा विषय मागे पडला.

तर असं करत करत फॉलोअर वाढले. कोण आहेत हे? एका रात्री मी चष्मा लावून यादी वाचायला बसलो. निम्मे एजंट. ते माझ्यावर नजर ठेवतात, मी त्यांच्यावर ठेवतो. उरलेल्यांत मॉड्युलर किचनवाले, होमलोनवाले, सेफ्टी डोअरवाले, इनव्हिजिबल ग्रिल आणि मच्छरजाळीवाले. सगळे माझ्या प्रत्येक रीलखाली आग लावून जातात, म्हणजे ती आगीची चित्रं. त्यानंतर बायकोची चुलत भावंडं. एक आठवीतला मुलगा, जो नेमाने 'स्विमिंग पूल आहे का' विचारतो. आणि दुबईचे एक काका. त्यांना फ्लॅट नको असतो. त्यांना फक्त सांगायचं असतं की बाल्कनीतून कॅमेरा जरा डावीकडे फिरव, पर्वती दिसते का बघू. दिसली की हात जोडल्याचं चित्र टाकून जातात.

आणि या सगळ्यांच्या वर 'किंमत?' विचारणारे. किंमत रीलवर लिहिलेली असते, खाली मजकुरात लिहिलेली असते, मी तोंडानेही सांगतो. तरी 'प्राइस प्लीज'. कळवली की पुढचा प्रश्न 'लास्ट किती?' लास्ट सांगितली की माणूस अंतर्धान पावतो. त्यातला एखादा कायदा वाचलेला असतो, तो 'कार्पेट की सेलेबल?' विचारतो, म्हणजे घराच्या आतली जागा की जिना-लिफ्टचा वाटा धरून फुगवलेली. त्याला मी मान देतो. पण तोही भाड्याने शोधत असतो.

सगळ्यात जास्त बघे पितृपक्षात येतात, हे माझं निरीक्षण आहे. त्या पंधरवड्यात कोणी टोकन देत नाही, विसार देत नाही, साइट व्हिजिटसुद्धा 'घटस्थापनेनंतर बघू'. पण बघायला काय जातंय? पाडव्याला आणि दसऱ्याला, जेव्हा खरंच बुकिंग होतात, तेव्हा माझ्या रीलकडे चिटपाखरू फिरकत नाही. सगळे साइटवर असतात.

भाचा म्हणाला, "मामा, व्हॅल्यू द्या. माहितीपर टाका." म्हणून मुद्रांक शुल्कावर बोललो. पुण्यात पुरुषाच्या नावे घर घेतलं तर ७ टक्के, बाईच्या नावे घेतलं तर ६. एक कोटीच्या फ्लॅटमागे सरळ लाख रुपये वाचतात. पण घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावे पाहिजे, नवऱ्याचं नाव शेजारी लागलं की सवलत गेली. पूर्वी अशा घेतलेल्या घराला पंधरा वर्षं पुरुषाला विकू नये अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. एवढंच बोललो हो. दुसऱ्या दिवशी सकाळी एका माणसाचा फोन. आवाजात झोप नव्हती.

"तुम्हीच ते एक टक्कावाले का?"

"हो, बोला."

"बायको म्हणते फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर. मग माझं नाव कुठे येणार?"

"कर्जात येतं की."

त्याने फोन ठेवला. त्याच्या बायकोने मला फॉलो केलं.

पण माझं नाव झालं ते नवी पेठेतल्या आजींमुळे. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आजींना विकून औंधला मुलीजवळ जायचं होतं. मी हॉलमध्ये उभा राहून सुरुवात केली, "पूर्व-पश्चिम वायुवीजन, दिवसभर भरपूर नैसर्गिक उजेड..."

आतून आवाज आला, "खोटं बोलू नको रे. दुपारी दोननंतर दिवा लावावा लागतो."

मी हसून किचनकडे वळलो. "प्रशस्त स्वयंपाकघर, दोघी जणी आरामात..."

"आरामात? मी आणि सून एकदम आत असलो की एकीला बाहेर पडायला दुसरीला ओट्यावर चढावं लागायचं. आणि तो पोरगा चपला घालून आत आलाय, त्याला आधी बाहेर काढ."

पोरगा म्हणजे भाचा. तो चपला काढायला वाकला, कॅमेरा खाली गेला आणि आजींच्या स्टीलच्या मांडणीवर स्थिरावला. कप उपडे, ताटल्या उभ्या, वर पितळी डबे उतरंडीने लावलेले, सगळं आरशासारखं लख्ख. मला वाटलं, हे काढून टाकेल. त्याने माझं बोलणं काढून टाकलं आणि बाकी सगळं ठेवलं.

आठवडाभरात दहा लाख लोकांनी ते बघितलं. फ्लॅटबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. 'आजींना आमच्याकडे पाठवा', 'मांडणी विकायची आहे का', 'देव्हाऱ्याचं तोंड दक्षिणेला आहे का हो'. एका बाईंनी ओट्यावर कोण चढायचं, सासू की सून, यावर मत मागितलं आणि तिथे दोन दिवस जुंपली. माणसं साइट व्हिजिटच्या नावाखाली तीन जिने चढून आजींबरोबर फोटो काढायला येऊ लागली. आजी सगळ्यांना चहा देत आणि दुधाचा हिशेब कॅलेंडरवर माझ्या नावाने मांडत. त्यातल्या एकालाही फ्लॅट घ्यायचा नव्हता, शेवटी एक खरा निघाला. बँकेतले निवृत्त गृहस्थ, पैसे तयार, गुडघेही तयार. मी आजींना म्हटलं, या रविवारी टोकन घेऊन टाकू.

"रविवारी घेऊ की. पण भाव दहा लाखांनी वाढला."

"आजी! कशाबद्दल?"

"दहा लाख लोकांनी घर पाहिलं म्हणतोस ना? फुकट कोणी सिनेमा तरी दाखवतं का? माणशी एक रुपया धरलाय मी, जास्त नाही."

मी रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दर, समजावला. शेजारच्या बिल्डिंगचा इंडेक्स टू, म्हणजे झालेल्या खरेदीचा नोंदणी उतारा, आणून दाखवला, त्यावर खरेदीची रक्कम बोट ठेवून वाचली. आजींनी तो चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "यांचा व्हिडिओ आला होता का?"

निवृत्त गृहस्थ अर्थातच गेले. जाताना त्यांनीही फोटो काढला.

आता फ्लॅट तसाच आहे. औंधची मुलगी माझ्यावर चिडलीय, कारण आजी म्हणतात इथे माणसं येतात, तिकडे येऊन मी काय करू. भाचा दर शनिवारी चपला बाहेर काढून शूटिंग करतो. आजी माझी दुसरी घरं बघायला येतात आणि काय खोटं बोलतोय ते सांगतात. सीपी मीटला मला आता पुढच्या रांगेत बसवतात. गेल्या शनिवारी शूटिंग संपल्यावर आजींनी मला थांबवलं. डायरी काढली होती, स्वतःची.

"तू घर विकून दिलंस की दोन टक्के घेतोस ना?"

"हो, आजी."

"मग तुझे हे जे काय फॉलोअर वाढले, ते मी आणून दिले. माझे दोन टक्के?"

"फॉलोअरचे दोन टक्के?"

"ते तुझं तू बघ, कशात द्यायचे ते."

इतकी वर्षं धंद्यात असल्यामुळे माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "एकावर बसून बोलू, आजी."

"दीड," आजी म्हणाल्या, "आणि दुधाचे वेगळे."